चिनी घरासाठी दहा क्विंटलची आलमारी

चिनी माणसं आपल्या घरात तांदूळ कुठे ठेवतात, हा प्रश्न शहापुरात त्याआधी कोणालाही पडला नव्हता. पडायचं कारणही नव्हतं. शहापूरची माणसं कपडे कुठे वाळत घालतात, याची चौकशी चिनी माणसांनी तरी कधी केली होती? पण भोजराज सर निवृत्त झाले, आणि निवृत्त माणसाला कुठला प्रश्न कधी पडेल याचा नेम नसतो.

भोजराज सरांनी एकतीस वर्षं आयटीआयमध्ये सुतारकाम शिकवलं. त्यांच्या हाताखालून गेलेली पोरं नागपूरपासून दुबईपर्यंत दारं-खिडक्या बसवत होती. निरोपसमारंभात प्राचार्य म्हणाले, "सरांची जागा कोणीही भरून काढू शकणार नाही." ते शब्दशः खरं निघालं, कारण पुढच्याच महिन्यात ती जागा रद्द झाली. सुतारकामाला पोरं मिळेनात, म्हणून वर्गाला कुलूप लागलं, आणि सरांच्या सोळा बाकांवर कोणीतरी जुनी टेबलं उलटी करून ठेवली.

सरांना कुलपाचं दुःख होतंच, पण त्याहून मोठं एक दुःख त्यांनी कोणाला सांगितलं नव्हतं. एकतीस वर्षांत त्यांनी हजारो सांधे कापले, ते सगळे दाखवण्यापुरते. फळकुटांचा सांधा पोरांना दाखवायचा, पुन्हा उघडायचा आणि संध्याकाळी शिपायाच्या चुलीत जायचा. ही भोजराज सरांनी केलेली वस्तू, असं बोट दाखवून म्हणता येईल असं कुठेही काही उभं नव्हतं. स्वतःच्या घरातसुद्धा नाही. घरातली आलमारी लोखंडी होती आणि ती लग्नात सासऱ्यांनी दिली होती.

अशा माणसाला त्याच्या मुलीनं ती जाहिरात दाखवायला नको होती. पण रिता भंडाऱ्याच्या एका खाजगी शाळेत शिकवत होती, आणि शिक्षकांना चांगलं काम केल्यावाचून राहवत नाही. एके दिवशी तिनं मोबाइल बापापुढे धरला. चीनमधल्या कुठल्याशा संस्थेनं स्पर्धा ठेवली होती. विषय होता : चिनी शहरी घरासाठी साठवणीचं लाकडी फर्निचर. लाकूड पर्यावरणाला धक्का न लावता मिळवलेलं पाहिजे. जगातला कोणीही भाग घेऊ शकत होता.

"कोणीबी?" सरांनी विचारलं.

"कोणीबी, बाबा."

सरांच्या बांधावर एक सागाचं झाड होतं. दोन वर्षांपूर्वी त्याच्यावर वीज पडली आणि ते उभ्या उभ्या वाळलं. म्हणजे जिवंत झाडाला हात न लावता सागवान. पर्यावरणाला याहून कमी धक्का लावायचा तर माणसानं घरीच बसायला हवं. सरांनी त्या रात्रीच्या भातालाही हात लावला नाही. कागदावर एक साधी चार फुटी पेटी काढली, एकही खिळा नाही, सगळे दातांत दात अडकवलेले डव्हटेल सांधे, आणि चित्राखाली रितानं इंग्रजीत चार ओळी लिहून पाठवून दिलं. महिन्याभरात उत्तर आलं. पहिल्या फेरीत निवडलेल्या वीस जणांत भोजराज सरांचं नाव होतं. आता वस्तू प्रत्यक्ष बनवायची, मापं हवी ती घ्यायची, आणि सप्टेंबरअखेर फोटो, व्हिडिओ आणि लाकडाचा दाखला पाठवायचा.

इथपर्यंत सगळं एका माणसाचं होतं. आता ते गावाचं झालं.

पहिले आले शेजारचे टेकचंद. त्यांची धान भरडायची गिरणी, त्यामुळे जगातल्या कुठल्याही भाताबद्दल अंतिम शब्द आपला, असं ते धरून चालत. त्यांनी चित्र उलटसुलट करून पाहिलं. "सर, पेटी मस्त आहे. पण याच्यात ठेवतीन काय?"

"जे ठेवाचं ते. कपडे, चादरी."

"चादरी?" टेकचंदांनी अशा आवाजात विचारलं, की सरांना चादरीची लाज वाटली. "चिनी माणूस काय खाते? भात. सकाळी भात, संध्याकाळी भात. आपल्यावानीच. मंग भात खाणाऱ्याच्या घरात सगळ्यात मोठी जागा कायले लागते, मले सांगा."

सर चमकले. इतकी साधी गोष्ट आपल्या लक्षात आली नाही, याचं त्यांना मनापासून वाईट वाटलं. भात खाणाऱ्या घरात दिवाळीनंतर वर्षाचं धान्य भरतात. त्यांच्या लहानपणी शेणानं सारवलेली बांबूची ढोली होती, माणूस आत उभा राहील एवढी. तीत वर्षाचा दाणा पडला, की आई कपाळाला हात लावून म्हणायची, "झालं बाप्पा, आता कोणी या." चीनमध्येही कोणाची तरी आई तसंच म्हणत असणार. सरांनी जुनं चित्र फाडलं. चिनी घराला आता चार फुटी पेटी पुरणार नव्हती.

मग मापांचा प्रश्न निघाला. स्पर्धेच्या कागदावर लिहिलं होतं, घर आठव्या मजल्यावर, साठ चौरस मीटर, माणसं तीन. टेकचंदांनी बोटांवर हिशेब केला आणि तीन माणसांना वर्षाला पाच क्विंटल लागतील असं सांगितलं. सरांच्या पत्नी शकुनबाई आतून म्हणाल्या, "पाव्हणे नाहीत का येत त्याईच्या घरी?" पाहुण्यांचे दोन क्विंटल वाढले. एखादं लग्न निघालं तर एक. एखादं वर्ष पिकलं नाही तर दोन. असा आकडा दहा क्विंटलवर गेला, आणि दहा हा आकडा सगळ्यांनाच शोभिवंत वाटला. तांदूळ ठेवायचा की धान, यावर मात्र दोन दिवस वाद झाला. टेकचंदांचं म्हणणं, शहाणा माणूस धानच ठेवतो, तांदळाला किडे लागतात. सरांनी त्यांना समजावलं, की आठव्या मजल्यावर राहणारा माणूस भरडायला कुठे जाणार? शेवटी तांदूळ ठरला, आणि किड्यांसाठी आतून कडुनिंबाच्या फळ्या.

आलमारी साडेसहा फूट उंच, चार फूट रुंद, दोन फूट खोल झाली. वरून ओतायला झाकण, खालून काढायला सरकतं दार. शकुनबाईंनी लोणच्याच्या बरण्यांसाठी बाजूला कप्पा मागून घेतला. चिनी माणसं लोणचं खातात का, हे कोणालाच माहीत नव्हतं, पण लोणच्याशिवाय माणूस भात कसा खाईल, असं त्यांनी विचारलं आणि सरांनी कप्पा आखला.

या सगळ्यात एक माणूस रुसला. मधुकरराव हे निवृत्त मुख्याध्यापक, सरांचे रोजचे चहाचे सोबती. त्यांनी तीन दिवाळ्यांपासून चिनी माळा घराला लावल्या नव्हत्या, आणि आता शेजारी चीनसाठी आलमारी तयार होत होती. ते दारात उभे राहिले, चहा नको म्हणाले.

"भोजराज, तुमाले दुसरा देश नाही भेटला?"

"गुरुजी, लाकडाच्या सांध्याले देश नसते."

"नसते कसा? उद्या त्याईनं तुमचाच सांधा करून तुमालेच विकला, तं काय कराल?" एवढं बोलून ते गेले, आणि घरी जाऊन त्यांनी व्हॉट्सअपवर शहापूरच्या तिन्ही गटांत जागृतीचा संदेश टाकला. ज्या मोबाइलवरून टाकला तो कुठे बनला होता, हे सरांना माहीत होतं. त्यांचा चहा मात्र त्या दिवसापासून एकट्याचा झाला, आणि तो त्यांना गोड लागेना.

खरी कथा वनखात्याच्या कचेरीत सुरू झाली. साग हे झाड आपल्या बांधावर असलं तरी आपलं नसतं, हे सरांना ठाऊक होतं. ते आपल्या बांधावर मेलं तरी आपलं होत नाही, हे त्यांना तिथे कळलं. अर्ज, सातबारा, नकाशा, सगळं घेऊन ते एप्रिलच्या उन्हात खिडकीशी उभे राहिले. आतल्या बाबूनं अर्ज वाचला.

"काका, झाड वाळलं म्हणता. पुरावा?"

"त्याले एक पान नाही जी. येऊन पाहा ना."

"एप्रिलमध्ये कोणत्या सागाले पान असते?" बाबूनं शांतपणे विचारलं. "या मैन्यात अख्खं जंगल वाळल्यावानीच दिसते. पावसाळ्यात या. बाकीच्याईले पालवी फुटली आन् तुमच्याले नाही फुटली, मंग समजू आपण."

सर परत आले. बाबूचं म्हणणं चूक नव्हतं, आणि म्हणूनच त्यांना जास्त राग आला. पुढचे तीन महिने भोजराज सर एका मेलेल्या झाडाकडे, त्याला पान फुटू नये अशी प्रार्थना करत पाहत होते. रोज सकाळी बांधावर जायचे, मान वर करून फांद्या न्याहाळायचे. एकदा शेंड्यावर हिरवं दिसलं तेव्हा ते धावतच झाडाखाली गेले. तो पोपट होता.

आषाढात पाहणी झाली. वनरक्षक आला, पंचनामा झाला, छातीच्या उंचीवर घेर मोजला गेला. सातबाऱ्यावर त्या जागी बाभूळ लिहिलेली निघाली, त्यासाठी तलाठ्याकडे तीन चकरा झाल्या. झाड पडलं, खोडावर वनखात्याच्या हातोड्याचा शिक्का बसला, आणि लाकूड हलवायचा परवाना मिळाला. उरला होता फक्त स्पर्धेसाठीचा दाखला.

"हे लाकूड तोडल्यानं जंगलाचं नुकसान झालं नाही, एवढं लिहून द्या साहेब," सर म्हणाले.

बाबूनं दोन खण उघडून पाहिले. "असा फॉर्मच नाही जी. नुकसान झालं, याचा आहे. नाही झालं, याचा कोणी कधी मागतलाच नाही." मग त्यानं चष्म्यावरून पाहिलं. "आलमारी चीनले पाठवून राहिले का?"

"नाही जी. निस्ता फोटो."

"मंग फोटोले दाखला कायले पायजे?"

शेवटी सरांनी परवान्याची, पंचनाम्याची आणि खोडाच्या शिक्क्याची असे तीन फोटो पाठवायचं ठरवलं. कचेरीतून बाहेर पडताना त्यांना वाटलं, की एकतीस वर्षं सरकारी नोकरी करून आपल्याला सरकारचं काहीच कळलं नाही.

लाकूड घरी येताच समोरच्या ताराबाई आल्या. विजेनं मारलेलं लाकूड घरात घेऊ नये, त्यानं घर रिकामं होतं, असं त्यांनी सांगितलं. "तुमी चीनले देऊन राहिले म्हणून ठीक आहे. त्याईचं त्याई पाहून घेतीन." ताराबाईंना चीनबद्दल मधुकररावांइतका राग नव्हता, काळजीही नव्हती. शकुनबाईंनी लाकडावर हळदकुंकू टाकलं.

आता मात्र जे झालं त्याला हसता येत नाही. घरासमोरच्या पडवीत भोजराज सर दोन महिने काम करत होते, आणि ते काम पाहायला रस्त्यानं जाणारी माणसं थांबत. रंधा चालायचा तेव्हा सागाचा वास पार हायवेपर्यंत जायचा. सांधा ते आधी हातानं ठोकून बघायचे, मग कान लावून ऐकायचे. एकतीस वर्षं ते अर्ध्या तासात मोडायच्या वस्तू बनवत आले होते. ही मोडायची नव्हती. त्यांचे हात पहिल्यांदाच घाई करत नव्हते. शकुनबाई एकदा जेवायला बोलवायला आल्या आणि तशाच परत गेल्या, कारण त्यांनी नवऱ्याच्या चेहऱ्यावर असं समाधान लग्नानंतर पाहिलं नव्हतं, आणि लग्नातही पाहिलं होतं की नाही, त्यांना आठवेना.

सप्टेंबरात आलमारी उभी राहिली. एकही खिळा नव्हता. आतल्या बाजूला, कोणाला दिसणार नाही अशा जागी, सरांनी पटाशीनं आपलं नाव कोरलं.

स्पर्धेचा नियम असा, की वस्तू वापरात असताना व्हिडिओ काढायचा. म्हणजे दहा क्विंटल तांदूळ भरायला हवा. टेकचंदांनी गिरणीतून पन्नास किलोचे वीस कट्टे ट्रॅक्टरनं आणून दिले, देताना तोलून, परत घेताना तोलून, या बोलीवर. चिनी कुटुंब म्हणून शकुनबाई, रिता आणि टेकचंद उभे राहिले. कट्टे रिकामे होत गेले, तांदूळ सरसर खाली उतरत गेला. अठराव्या कट्ट्याला कड् असा आवाज आला. सरांनी धावत जाऊन सांधे चाचपले. पण सांधे जागचे हलले नव्हते. पडवीची फरशी फुटून आलमारी दोन बोटं जमिनीत गेली होती.

"पाहा," सर घाम पुसत म्हणाले, आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं, "घर बसलं, पण आलमारी नाही बसली!"

व्हिडिओ गेला. तांदूळ परत गेला. फरशी तशीच राहिली, कारण आलमारी हलवायला सहा माणसं लागत आणि त्या हंगामात शेतात धान निसवून लोंब्या आल्या होत्या, राखणीमुळे माणसं मिळत नव्हती.

ऑक्टोबरात उत्तर आलं. रिता शाळेतून आली तीच मोबाइल हातात घेऊन, आणि सरांना तिच्या चालण्यावरूनच समजलं. टेकचंद योगायोगानं आलेले होते. चांगल्या-वाईट प्रत्येक बातमीच्या वेळी ते योगायोगानं आलेले असत.

रितानं मजकूर मराठीत सांगितला. परीक्षकांनी इतके सुबक सांधे फार वर्षांत पाहिले नव्हते. वाळलेलं झाड वापरण्याची कल्पना त्यांना फार आवडली. लोणच्याचा कप्पाही आवडला, त्यांच्याकडेही घरोघरी लोणची असतात. आतून शकुनबाईंचा "पाहा!" ऐकू आला. मात्र त्यांना एक समजलं नव्हतं. तीन माणसांच्या घराला एवढा तांदूळ चार वर्षं पुरेल. त्यांच्या शहरात लोक पाच किलोची पिशवी आणतात. पुष्कळदा तीही आणत नाहीत, फोनवर सांगतात, अर्ध्या तासात दाराशी येते. वर्षाचं धान्य घरात भरणारं कुटुंब आता तिथे सापडणार नाही. सरांनी याच सांध्यांची, पाच किलो तांदूळ मावेल एवढी, ओट्यावर ठेवता येईल अशी छोटी वस्तू पंधरा दिवसांत करून पाठवली, तर ती शेवटच्या फेरीत घ्यायला त्यांना आनंद होईल.

"डबा?" सर म्हणाले. "माह्याकडून डबा मागून राहिले?"

"सर, करून टाका ना," टेकचंद म्हणाले. "दोन दिवसाचं काम."

"तुमी चूप राहा जी!" सर इतक्या मोठ्यानं ओरडले, की टेकचंद खरोखरच गप्प झाले. एकतीस वर्षांत वर्गात त्यांनी आवाज चढवला नव्हता. "ज्याच्या घरात वर्षाचा दाणा नाही, ते घर आहे का? धर्मशाळा आहे ते. रिता, लिही. मी सांगतो तसं लिही."

रिता बसली. सरांनी पडवीत येरझारा घालत सांगायला सुरुवात केली. आपण भात खाणारी माणसं. आपल्याला दाण्याची किंमत. दारी आलेला माणूस जेवल्याशिवाय जाऊ नये, म्हणून माणूस साठवतो. फोनवर मागवलेल्या पिशवीतून पाहुणचार होत नसतो. वाक्यं खरोखर चांगली होती. रिता लिहीत होती. मग ती थांबली.

"बाबा, आपल्या घरचं उदाहरण देऊ का? आपल्याइथं किती भरून ठेवतो, ते? म्हणजे त्याईले पटन."

"दे ना. विचार आईले." सरांनी स्वतःच आत आवाज दिला. "अवो, आपल्या घरी तांदूळ किती असते, सांग बरं हिले!"

शकुनबाई बाहेर आल्या. हातात स्टीलचा डबा होता, तो त्यांनी खाटेवर ठेवला.

"हा," त्या म्हणाल्या. "पाच किलोचा. मैनाभर जाते."

"हा तं रोजचा. भरलेला?"

"भरलेला काहीच नाही जी. आपलं धान बांधावरूनच खरेदी केंद्रावर जाते. हा टेकचंद भाऊच्या गिरणीतला बारीक तांदूळ आहे. संपला का आणतो." त्या डब्याच्या झाकणावरून पदर फिरवत राहिल्या. "रिता भात खात नाही, वजन वाढते म्हणते. आपला पोरगा कमलेश पुण्याले. तुमाले डॉक्टरनं एक वेळचा बंद केला. कोणाले भरून ठेवाचं?"

सरांनी टेकचंदांकडे पाहिलं. गिरणीवाला माणूस. त्याच्या घरी तरी.

टेकचंद फुटलेल्या फरशीकडे पाहत होते. "सर, माह्या घरी पंचवीस किलोचा कट्टा असते," ते हळूच म्हणाले. "पोरं नागपूरले आहेत ना."

"तुमी चीनसाठी नाही केली जी ही," शकुनबाई म्हणाल्या. "तुमच्या आईच्या घरासाठी केली. अकरा माणसं होतो तवा आपण."

भोजराज सर आलमारीपाशी उभे राहिले. त्यांनी सवयीनं सांध्यावर बोट फिरवलं. सांधा निर्दोष होता. गावातली घरं ते मनातल्या मनात एकेक करून मोजत गेले. मधुकरराव दोघंच. ताराबाई एकट्या. कोपऱ्यावरचं घर, कुलूप. दहा क्विंटल तांदूळ मावेल अशी आलमारी चीनमध्ये ठेवायला घर नव्हतं, आणि शहापुरातही नव्हतं. तसं घर आता कुठे असेल, ते त्यांना सांगता येईना.

"लिहू का पुढं?" रितानं विचारलं.

"राहू दे," सर म्हणाले. "खोडून टाक."

पंधरा दिवसांची मुदत निघून गेली. डबा काही त्यांच्या हातून झाला नाही. रितानं दोनदा आठवण करून दिली, मग तिनंही सोडून दिलं. मधुकरराव चहाला येऊ लागले, चीनविषयी एक अक्षर न काढता, आणि सरांना ते रागाहून जड गेलं.

पण ते नंतरचं. त्या संध्याकाळी टेकचंद जेवूनच जातील असं सर म्हणाले. टेकचंद नाही म्हणत होते, सरांनी त्यांना हाताला धरून बसवलं. शकुनबाईंनी कधी नव्हे ते दोन वाट्या जास्त तांदूळ धुतला. टेकचंद पोटभर जेवले, सरही डॉक्टरांना न जुमानता जेवले, रितानंसुद्धा बापाकडे बघून घासभर घेतला. तरी भात उरला, आणि सकाळी शकुनबाईंनी तो गाईला घातला.